लालकांडीचं तिसरं पान

दारणवाडी, ता. निफाड
२४ मार्च २०२४

चि. रोहिणी हीस,
बाबांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचं म्हणणं, गावात पोस्टमनची नोकरी माझ्यामुळेच टिकून आहे. असू दे. सातपूरच्या प्रेसशॉपमधल्या मशीनच्या धडधडीनं कान नेले, त्यामुळे फोनवर तू एक विचारणार आणि मी भलतंच सांगणार. मोबाईलवरची मुंगीएवढी अक्षरंही मला नकोत. कागद बरा, दोनदा वाचता येतो.

घरी सगळं ठीक आहे. शेळी व्यायली. आईनं यंदा कुरडया एवढ्या केल्या आहेत की निम्म्या तुझ्या केंद्रातल्या लोकांनाच खाव्या लागतील. काळजी एकच आहे, आणि ती तुझ्याच खात्यातली.

आपली नवी उसाची जात, लालकांडी, पिवळी पडते आहे. शेंड्याकडची कोवळी पानं आधी फिकट झाली, मग पिवळी, आणि आता काही पांढुरकी दिसतात. शिरा तेवढ्या हिरव्या. बांधापलीकडे हिरामणचा जुना ऊस आहे, तो हिरवागार. त्याच हिरामणनं माझं पाहून दीड एकर लालकांडीही लावली, ती माझ्यासारखीच पिवळी. शेजारच्या सहादूची तशीच. नदीकाठची सगळी लालकांडी अशीच झाली आहे.

तू केंद्रातून बेणं आणलंस, मी दोन एकर लावलं, आणि लोक माझ्या शेतातून बेणं घेऊन गेले. याच गावात तुझ्या आजोबांना दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळत नव्हती, हे तुला माहीत आहे. म्हणून मला हा पिवळेपणा उसाएवढाच माणसांचाही वाटतो. लोकांनी घाईनं युरिया ओतला. मी अजून थांबलो आहे. साखर कारखान्याचे लोक परवा पानांचे नमुने घेऊन गेले, आता अहवालाची वाट.

पाकिटात एक पान घातलं आहे. बघून सांग.

तब्येतीला जप, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझे बाबा,
झुंबर गांगुर्डे

—

ऊस संशोधन केंद्र
२ एप्रिल २०२४

तीर्थरूप बाबांस,
रोहिणीचा सविनय जयभीम. वि. वि.

पान वाळून चुरगळलं होतं, तरी शिरा ओळखू आल्या. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे, माझ्या मते, आपल्याकडे ज्याला केवडा म्हणतात तोच. उसाला लोह मिळत नाही. आपल्या नदीकाठच्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे. लोह मातीत असतं, पण चुना ते धरून ठेवतो आणि मुळांच्या हाती लागू देत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग हिरामणकाकांचा जुना ऊस हिरवा कसा? बाबा, प्रत्येक जातीची भूक वेगळी असते. जुना ऊस हळू वाढतो आणि त्याची मुळं चुन्यातूनही लोह ओढून घेतात. लालकांडी भराभर वाढते, म्हणून तिला जास्त लागतं, आणि ओढायची ताकद मात्र कमी. आपण दोन्ही जातींना एकाच ताटात, एकाच मापानं वाढतोय. लालकांडीला काय आणि किती द्यायचं हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. माझं इथलं काम तेच आहे.

युरिया तुम्ही दिला नाहीत हे फार बरं केलंत. उपाशी पोराला पळायला लावल्यासारखं होतं ते. अहवाल आला की लगेच कळवा. लोह कमी निघेल, आणि मग शेणखतात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मुरवून दिलं की पुरे.

कुरडयांची खबर केंद्रात पसरली आहे. आता माझी सुटका नाही.

आईला जयभीम. शेळीच्या पिलाला माझ्या नावानं कुरवाळा.
तुमची,
रोहिणी

—

दारणवाडी
२६ एप्रिल

माझ्या लाडाच्या रोहिणीला,
आईचा जयभीम आन् लय लय आशीर्वाद.

मी लिहितीय म्हणून घाबरू नको. फोन केला असता, पण हे समोर बसत्यात आन् माझ्या ओठांकडं बघत्यात. कान नाय तरी सगळं कळतं त्यांना. आत्ता ते वावरात गेलेत तवर लिहून टाकते.

कारखान्याचा अहवाल आला. त्यात लोह कमी नाय, उलट भरपूर हाय असं निघालं. शेतकी अधिकारी किशोर निकम साहेबांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं आन् सांगितलं, की लोह भरपूर असून बी ऊस पिवळा पडतो म्हंजे ही जातच नाजूक हाय, आपल्या भागात चालायची नाय. पुढच्या हंगामापासून कारखाना लालकांडीची नोंद घेणार नाय, म्हंजे तो ऊस उचलणारच नाय. जूनमधी कमिटी बसल, तिथं कायमचं ठरल.

मग हिरामणभाऊ उठला. म्हणला, झुंबरची पोरगी शिकली तिकडं, आन् तिचा धडा गिरवला आम्ही आमच्या वावरात. लोक हसले. ह्यांना ऐकू गेलं नाय, पण ह्यांनी हिरामणचं तोंड वाचलं. उठून घरी आले आन् पाणी पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी हिरामणनं अर्धा एकर लालकांडी नांगरून टाकली. ट्रॅक्टर आपल्या बांधाला लागूनच फिरत व्हता.

तेव्हापासनं हे जेवत्यात नावाला. तुला कळवायचं नाय म्हणून मला शपथ घातली हाय. मी शपथ घेतली नाय, नुसती मान हलवली.

बाकी घरात हाल हायती धुळीचे. आपल्या वावराच्या कडंचा रस्ता मोठा करायलेत. दोन महिने झाले, मुरमाच्या गाड्या चालूच. भाकरी थापली की परातीत लाल धूळ. धुणं वाळत घातलं तर पांढरी साडी भगवी व्हती. ऊस बी धुळीनं माखलाय नुसता.

तू काय तरी कर. न्हाईतर करू नको, पण ह्यांना चार शब्द लिही.
जीव लावून ऱ्हा.
तुझी आई,
लताबाई

—

ऊस संशोधन केंद्र
३ मे २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नका, आणि आईकडे तसं बघूही नका.

कारखान्याच्या अहवालाचा फोटो सहादूकाकांनी मला पाठवला. लोहाचा आकडा बघून मी चक्रावले. तो भरपूर म्हणावा असा नव्हता, अशक्य होता. इतकं लोह पानात असेल तर ते पान पिवळं पडूच शकत नाही. हाताखालच्या तीनशे नमुन्यांत मला तसा आकडा कधी मिळाला नाही. दोन दिवस मी आमच्या यंत्राला, पुस्तकाला आणि स्वतःला बोल लावत होते. मग एका पत्रातली धुळीची तक्रार पुन्हा वाचली आणि जेवता जेवता उठले.

बाबा, मुरूम लाल कशानं असतो? लोहानं. रस्त्याच्या कडेची पानं तोडली, ती तशीच वाळवली आणि दळली. प्रयोगशाळेनं पानातलं लोह मोजलंच नाही, पानावरची धूळ मोजली.

पण हे नुसतं मी म्हणून कुणी ऐकणार नाही. दाखवावं लागेल. म्हणून नीट वाचा. उसाच्या शेंड्याकडून पहिलं पूर्ण उघडलेलं पान धरा आणि खाली मोजत तिसरं पान घ्या. त्याचा मधला वीतभर तुकडा ठेवा, जाड शीर काढून टाका. कात्री नवी घ्या, गंजका विळा नको. प्रत्येक शेतातून दोन जुड्या करा. एक जुडी तशीच ठेवा. दुसरी तोडल्याबरोबर आधी साध्या पाण्यात, मग साबणाच्या पातळ पाण्यात, आणि शेवटी मी पाठवलेल्या कॅनमधल्या शुद्ध पाण्यात धुवा. तुमच्या, सहादूकाकांच्या आणि जमलं तर हिरामणकाकांच्या शेतातून. सावलीत सुकवून कागदी पिशवीत घाला आणि निफाडच्या स्टँडवरून एसटी पार्सलनं पाठवा.

आणखी एक. सोबत हिराकसाची छोटी पुडी आणि रंगाचा बारीक ब्रश आहे. लिटरभर पाण्यात चमचाभर पुरे. पिवळ्या पानाचा अर्धा भाग तेवढा रंगवा, अर्धा सोडा. मग आठवडाभर थांबा.

आणि जेवा. उपाशी माणसाकडून मी नमुने घेत नाही.
तुमची,
रोहिणी

—

दारणवाडी
१९ मे २०२४

चि. रोहिणी हीस,
बाबांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

जेवतो आहे. तुझी आई आता प्रत्येक घासाला तुझं नाव घेते.

नमुने या पार्सलमध्ये आहेत. धुण्याचा कार्यक्रम पाहायला निम्मी आळी जमली होती. झुंबरनं उसाची पानं साबणानं धुवायला काढली, ही बातमी सायखेड्यापर्यंत गेली असणार. तुझ्या आईनं ती धुताना एवढी घासली, की तिला हळू हो म्हणून सांगावं लागलं, शर्टाची कॉलर नव्हे ती. पहिल्या बादलीचं पाणी मात्र वीटभट्टीवरच्या पाण्यासारखं लाल झालं. ते बघायला हसणारेच बादलीवर वाकले.

सहादूनं पानं दिली. हिरामणकडे मी स्वतः गेलो. तो ओट्यावर होता. मी म्हटलं, की पानं दे अगर नको देऊ, पण उरलेला एकर नांगरू नकोस, पंधरा दिवस दे. तो काहीतरी बोलला आणि तोंड वळवलं, त्यामुळे मला वाचता आलं नाही. त्याची बायको रूपाली बाहेर आली, माझ्या समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, की भाऊ, पानं न्या, मी सांगते यांना.

आता ब्रशाचं. मी आपल्या बांधावरच्या बारा-पंधरा पानांची डावी बाजू रंगवली. रूपालीच्या सांगण्यावरून हिरामणच्या कडेच्या सरीतही चार पानं रंगवली. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी वाटलं, डोळ्यांना भास होतोय. काल सकाळी गेलो, तर पोरी, डावी बाजू हिरवी आणि उजवी पिवळी! शाळेत नकाशा रंगवावा तशी मधल्या शिरेवर हद्द आखलेली.

मी तिथेच बसलो. मागं कुणी उभं आहे हे सावलीवरून कळलं. हिरामण होता. तो त्याच्या सरीतलं पान हातात धरून उलटसुलट करत होता. मग माझ्याकडे वळला, आणि मला वाचता यावं म्हणून ओठ मोठे करून म्हणाला, की अर्धा एकर मी फुकट मोडला रे.

मी तंबाखूची पुडी पुढे केली.

यंत्राचं काय म्हणणं पडतं ते लवकर लिही. जूनची कमिटी डोक्यावर आली आहे.
इकडची काळजी सोड, तिकडे तू खंबीर राहा.
तुझे बाबा

—

ऊस संशोधन केंद्र
१२ जून २०२४

तीर्थरूप बाबांस,
आणि हे पत्र शेजारी बसून वाचणाऱ्या आईस, सविनय जयभीम.

आधी निकाल. न धुतलेल्या पानांत लोह धो धो. त्याच उसाच्या, त्याच दिवशीच्या धुतलेल्या पानांत हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. तिन्ही शेतांत तेच. शिवाय जस्तही कमी निघालं. आणि ज्यांनी युरिया ओतला त्यांच्या पानांत नत्र गरजेपेक्षा जास्त. म्हणजे जे नको ते पोटभर आणि जे हवं ते नाहीच.

मी कमिटीला गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही रात्रभर जागला असता. टेबलाच्या एका बाजूला अकरा माणसं, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या दोन पिशव्या. एकानं विचारलं, की वडिलांच्या शेताची वकिली करायला आलात का. मी म्हटलं, की हो, वडिलांच्याही. मग मी धुतलेली आणि न धुतलेली पानं दोन पांढऱ्या बशांत ठेवून दोन्हींवर पाणी ओतलं, आणि बशा फिरवल्या. आकडे नंतर दिले.

निकम साहेबांनी लाल पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मला वाटलं, आता ते चिडणार. ते उभे राहिले आणि म्हणाले, की नमुने माझ्या माणसांनी घेतले, पानं धुवायची असं मी सांगितलं नव्हतं, चूक माझी आहे. बाबा, अकरा माणसांसमोर असं म्हणायला छाती लागते. त्यांना भेटलात तर राग धरू नका.

निर्णय असा, की लालकांडीला या तोडणीपर्यंत मुदत. तिन्ही शेतांत दोन-दोन पट्टे पाडायचे. एका पट्ट्याला सगळ्या जातींना देतात तीच खतं. दुसऱ्याला लालकांडीपुरती मी काढलेली मात्रा, म्हणजे युरिया कमी, हिराकस आणि झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून, आणि दोनदा पानांवर फवारा. तोडणीला दोन्ही पट्टे वेगळे वजन होतील. माझा पट्टा जिंकला तर जात राहील आणि तिची स्वतःची खतमात्रा छापली जाईल. हरला तर मी गप्प बसायचं.

मी हो म्हणून आले आहे.
पाठीवर तुमचा हात आहे असं समजून चालते.
तुमची,
रोहिणी

—

दारणवाडी
८ सप्टेंबर २०२४

चि. रोहिणी हीस,
सप्रेम जयभीम. घाईत लिहितो, सहादू निफाडला निघाला आहे.

गोदावरीला मोठं पाणी आलं होतं. तीन दिवस खालच्या सऱ्यांत उभं होतं. जुना ऊस बराच लोळला. लालकांडी कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिली आणि पाणी उतरल्यावर तशीच उभी आहे. पट्टे ओळखायला खुंटी लागत नाही. तुझ्या पट्ट्यात शिरलं की आभाळ दिसत नाही, दुसऱ्यात माझी टोपी बाहेरून दिसते असं आई म्हणते.

हिरामणनं दुसरा पट्टा ठेवायला नकार दिला होता, त्याला सगळ्या एकरालाच तुझी मात्रा द्यायची होती. निकम साहेबांनी समजावलं, की तुलना नसली तर सिद्ध काय होणार. आता तो त्या पिवळ्या पट्ट्याकडे सावत्र पोराकडे बघावं तसा बघतो.

आईच्या गुडघ्याला आराम आहे. तू बारीक झाली आहेस असं तिनं फोटोवरून ठरवलं आहे.
उरलेलं मनात ठेवतो, तू समजून घे.
बाबा

—

ऊस संशोधन केंद्र
२० जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तोडणीला मी येऊ शकत नाही. केंद्रातल्या प्रयोगाची तोडणी त्याच आठवड्यात आहे आणि मोजणी माझ्याकडे. खरं सांगायचं तर आमच्या प्रमुखांचंही म्हणणं, की मी तिथं नसलेलीच बरी, म्हणजे वजनावर कुणी बोट ठेवणार नाही. ते पटतं, पण इथं बसवत नाही.

एवढंच करा. दोन्ही पट्ट्यांच्या मोळ्या मिसळू देऊ नका. आणि जो आकडा येईल तो कमी असला तरी तसाच लिहा. तुमचं अक्षर गोड करायला जाऊ नका, मला ते लगेच कळतं.

माझ्या वाटचं धैर्य सध्या तुमच्याकडे ठेवलं आहे, सांभाळा.
तुमची,
रोहिणी

—

दारणवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी हीस,
बाबांचा, आईचा आणि या वेळी अख्ख्या नदीकाठचा जयभीम, रामराम, नमस्कार, जे ज्याचं असेल ते. वि. वि.

तू जिंकलीस.

आता सावकाश सांगतो. आपल्या शेतात नेहमीच्या खतांचा पट्टा एकरी सदतीस टनांवर गेला. तुझा पट्टा चौपन्न. मी काट्यावरच्या माणसाला पुन्हा वजन करायला लावलं. तो म्हणाला, की काका, गाडी तीच, काटा तोच, ऊस तोच, किती वेळा करू. सहादूचाही तसाच फरक. हिरामणचा तुझा पट्टा आपल्यापेक्षाही दोन टन पुढे, आणि हे तो भेटेल त्याला सांगत सुटला आहे. साखरेचा उतारासुद्धा चांगला निघाला. निकम साहेबांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

काल कारखान्यानं मेळावा घेतला तो आपल्या शेतात. मांडव घातला होता, देवळालीहून खुर्च्या आणल्या. निकम साहेबांनी सगळ्यांसमोर मागच्या वर्षीच्या नमुन्यांची चूक पुन्हा सांगितली आणि जाहीर केलं, की लालकांडीची नोंद चालू राहील. तिची खतमात्रा वेगळी छापली आहे, आणि यापुढे प्रत्येक जातीची पानं तपासूनच तिची मात्रा ठरेल. तो कागद सोबत आहे. खाली तुझं नाव आहे, रोहिणी झुंबर गांगुर्डे. मी ते बोटानं चाचपून पाहिलं. छापील अक्षर हाताला लागत नाही, तरी पाहिलं.

मग मला बोलायला उभं केलं. बावीस वर्षं मशीनपुढे गेली, माणसांपुढे बोलायची सवय नाही, आणि माझा आवाज किती मोठा निघतो ते मलाच कळत नाही. मी एवढंच म्हणालो, की ऊस नाजूक नव्हता, उपाशी होता. कुणाला नाजूक म्हणायच्या आधी त्याला काय मिळालं नाही ते बघा. आई म्हणते, शेवटची ओळ पार नदीपलीकडे ऐकू गेली. लोक उभे राहिले. हात हलताना दिसत होते, मला तेवढं पुरलं.

खरी गोष्ट आज सकाळची. हिरामणनं मोडलेल्या अर्ध्या एकरात आज लालकांडीची लागण होती. त्यांच्या घरात रीत आहे, लागणीचं पहिलं टिपरं, म्हणजे बेण्याचं कांडं, घरातली मोठी बाई लावते. आजवर त्याची आई लावायची, ती गेल्यापासून रूपाली. आम्ही बांधावर उभे होतो. पाणी सोडलेलं, सऱ्या भिजलेल्या. रूपालीनं टिपरं उचललं, कपाळाला लावलं, आणि बांध ओलांडून आली. तुझ्या आईपुढे धरलं. म्हणाली, की लताबाई, यंदा तुम्ही.

तुझ्या आईनं हिरामणकडे पाहिलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

तिनं चपला बांधावर सोडल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरली. टिपरं आडवं ठेवलं, त्याचे कोंबाचे डोळे बाजूला केले आणि पायानं दाबलं. ती कडेला येईपर्यंत त्या शेतात दुसरं कुणी वाकलं नाही. मग सगळे एकदम उतरले.

ती आता चुलीपाशी बसली आहे, पायांचा चिखल धुवायला तयार नाही.

लवकर ये. आम्हा दोघांचा जीव तुझ्याकडे आहेच, तुझा थोडा इकडे येऊ दे.
तुझे बाबा,
झुंबर गांगुर्डे